शपथ आणि बाक

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळची मिस्सा आटोपून आम्ही घरी परतलो, तो ओट्यावर एक भगिनी आपल्या पतीला घेऊन उभी. 'फादर, ह्यांना शपथ घाला,' एवढेच ती म्हणाली. आम्ही त्या गृहस्थाचा हात पवित्र शास्त्रावर ठेवला आणि जन्मभर दारूला शिवणार नाही, असे त्याच्याकडून वदवून घेतले. तो रडला, तीही रडली, आणि खरे सांगायचे तर आपल्या हातून काही चांगले घडले, असे आम्हालाही वाटले. तिसऱ्या दिवशी त्याला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. हा पश्चात्तापच, अशी आमची भाबडी समजूत! वर्षानुवर्षे पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होतो, क्वचित प्राणही जातो, म्हणून आधी डॉक्टरांना दाखवावे लागते, हे आम्हाला कोणी शिकवले नव्हते. आम्हीही कोणाला विचारले नव्हते. चौथ्या दिवशी तो प्याला. पुढे मिस्सेलाही येईनासा झाला. आधी तो केवळ दारुडा होता. आता देवासमोर दिलेला शब्द मोडणाराही ठरला, आणि ही भर आम्ही घातली होती.

जो शब्द पाळण्याचे बळच ज्याच्या ठायी उरलेले नाही, त्याच्याकडून तो मागण्याचा आपल्याला अधिकार आहे काय? आणि मागू नये म्हटले, तर त्याला निर्दोष समजून सोडून द्यावे काय?

सेमिनरीत आम्ही पेलाजियसचे पाखंड शिकलो. मनुष्याने मनावर घेतले, तर स्वतःच्या इच्छाशक्तीने तो सन्मार्गावर चालू शकतो, असा त्याचा दावा. संत ऑगस्टीनने तो खोडून काढला आणि इ. स. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मपरिषदेने तो त्याज्य ठरवला. परीक्षेत हे उत्तर आम्ही झकास लिहिले होते. पण त्या सकाळी ओट्यावर आम्ही पेलाजियसचेच चेले होतो, हे उमगायला फार काळ जावा लागला.

दुसरे टोकही निसरडेच. १९५६ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने मद्यासक्ती हा आजार मानला. कॅथोलिक ख्रिस्तसभेचा १९९२ चा धर्मशिक्षण ग्रंथही सांगतो, की जडलेल्या सवयीमुळे माणसाची जबाबदारी उणावते, प्रसंगी उरतही नाही. हे मान्य. मात्र गहाण पडलेल्या बांगड्यांचे आणि अंधारात कोपऱ्यात दडून बसलेल्या लेकरांचे उत्तर कोणी द्यायचे?

या कोड्यात आम्हाला वाट दिसली ती 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस'च्या मीटिंगमध्ये. १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन शहरात बिल विल्सन नावाचा एक गृहस्थ धंद्याच्या कामासाठी आला होता. काम फिसकटले, हॉटेलात पिण्याची ओढ लागली. त्याने यादीत पाहून एका पाळकाला फोन लावला. त्याला उपदेश नको होता. बोलायला दुसरा एखादा मद्यपी हवा होता. पाळकामार्फत पुढचे दुवे मिळत गेले आणि त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी पडली. त्या पाळकाने केले ते एवढेच. आम्हाला मात्र ते सुचले नव्हते.

आमच्या त्या गृहस्थाला मीटिंगचा पत्ता एका दवाखान्यात मिळाला. आपल्या गावात ओळखतील, म्हणून तो दूरच्या गावी गेला. दोनदा फाटकातून परतला. तिसऱ्यांदा बाहेर उभ्या असलेल्या कोणीतरी 'चहा झालाय, या,' म्हटले, म्हणून आत गेला. पुढे त्यानेच आमच्याकडे जागा मागितली. आम्ही शाळेतला चौथीचा वर्ग दिला. तेथे नाव नोंदवायचे नाही, फी नाही; पिणे सोडण्याची इच्छा हीच काय ती अट. भाडे नको म्हटले तरी ते ऐकत नाहीत. बाहेरच्यांच्या पैशावर चालायचे नाही, असा त्यांचा दंडक असल्याने आपसांत वर्गणी काढून दरमहा पाकीट आणून देतात. खुल्या सभेला कोणीही बसावे, बंद सभेला केवळ मद्यपींनी. आपल्याच शाळेचे दार आपल्याला बंद, हे आरंभी आम्हाला जरा झोंबले, हे कबूल करतो.

एका खुल्या सभेत आम्ही मागे बसलो होतो. मुलांच्या बुटक्या बाकावर गुडघे दुमडून बसलेला एक जण, मुलीच्या फीचे पैसे आपण कसे पिऊन टाकले, ते सांगत होता. कोणी हळहळले नाही, कोणी उपदेश केला नाही. पुढचा म्हणाला, 'मीसुद्धा.' पापनिवेदनात याहून भयंकर आम्ही ऐकले आहे आणि प्रभूच्या नावाने क्षमाही उच्चारली आहे. ती क्षमा या बाकावर मिळत नाही. पण हे 'मीसुद्धा' आमच्याकडे नव्हते.

'जन्मभर' हा शब्द तेथे कोणी उच्चारत नाही. आजचा दिवस, बस्स. जन्मभर न पिणे हे त्या माणसाच्या आवाक्यात नसेलही, पण मंगळवारी साडेसातला येऊन बसणे आहे. त्याबद्दल त्याला जाब विचारता येतो, आणि तो स्वतःही स्वतःला विचारतो. कृपेला माणसाकडून लागतो तो होकार एवढाच असेल काय? आम्हाला तसे वाटू लागले आहे. चौदा महिने कोरडे काढून तो गृहस्थ एका लग्नाच्या मांडवात पुन्हा प्याला. शपथ मोडली तेव्हा तो आम्हाला चुकवत राहिला होता. या वेळी दुसऱ्याच संध्याकाळी तो दुसऱ्या गावच्या मीटिंगला जाऊन बसला आणि सारे सांगून आला.

गेल्या महिन्यात आणखी एक भगिनी ओट्यावर आली. आम्ही एका कागदावर वार, वेळ लिहून दिली, आधी डॉक्टरांकडे न्या म्हणून सांगितले, बायकांची वेगळी मीटिंग असते तीही सुचवली. तिने कागद पर्समध्ये ठेवला. चेहरा पडलेलाच होता.

'पण फादर, शपथ नाही का घालणार?'

'त्यांना मंगळवारी पाठवा,' आम्ही म्हटले. 'फाटक सातलाच उघडते.'