मौन कोणासाठी?

अमेरिकेतील नॅशव्हिल हे शहर ध्वनिमुद्रित संगीताच्या मोठ्या व्यापारामुळे जगभर ओळखले जाते. त्याच शहरात, दुकानांच्या एका साध्या रांगेत, ब्लूबर्ड कॅफे नावाचे लहानसे उपाहारगृह आहे. एमी कर्लंड या बाईंनी ते १९८२ साली सुरू केले. आत सुमारे नव्वद माणसे दाटीने बसतात. १९८५ पासून तेथे एक रीत पडली आहे. चार गीतकार गिटार घेऊन खोलीच्या मध्यभागी समोरासमोर बसतात, श्रोत्यांची टेबले त्यांच्या सभोवती असतात, आणि प्रत्येक जण स्वतः रचलेले गीत आळीपाळीने गातो. गीत चालू असता कोणी बोलायचे नाही, असा तेथील दंडक आहे. कुजबुज झाली तर गप्प राहण्याची सूचना मिळते.

पैसे मोजून जेवायला आलेल्या माणसाला गप्प बसवणे न्याय्य आहे काय? प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही.

येथे गाणारे पुष्कळदा असे असतात, की ज्यांची गीते लाखोंच्या ओठी आहेत आणि नाव मात्र कोणास ठाऊक नाही. ‘द गॅम्बलर’ म्हटले की लोकांना केनी रॉजर्स आठवतो. ते गीत रचणारा डॉन श्लिट्झ आठवत नाही. गंमत अशी, की अमेरिकेत रेडिओवर गीत वाजले की कायद्याने मोबदला गीतकाराला व त्याच्या प्रकाशकाला मिळतो, गाणाऱ्याला नाही. तेव्हा गीतकारावर द्रव्याच्या बाबतीत अन्याय झाला, असे सरसकट म्हणता येत नाही. त्याला उणीव भासते ती वेगळीच. आपला शब्द कोणाच्या काळजाला भिडताना त्याने पाहिलेला नसतो.

जॉन व्हेझ्नर याने आपल्या आजी-आजोबांच्या अखेरच्या दिवसांवर डॉन हेन्रीसह एक गीत रचले. आजीची स्मृती गेली होती, ती कोणास ओळखत नव्हती. रुग्णालयात आजोबांजवळ नेल्यावर मात्र तिने त्यांना ओळखले. कॅथी मॅटिया हिने १९८९ साली ते गायिले आणि १९९१ साली त्या दोघा गीतकारांना त्यासाठी ग्रॅमी पारितोषिक मिळाले. घरातले असे दुःख चारचौघांत मांडावे की नाही, हा वाद वेगळा. पण ते मांडले जात असता शेजारच्या टेबलावर जेवणाच्या बिलाची चर्चा चालली असेल, तर बिघडते ते कोणाचे?

आमच्या मते गायकाचे कमीच. त्याला गोंगाटाची सवय असते. बिघडते ते तिसऱ्याच माणसाचे, जो त्या क्षणी आपल्याच आजीपाशी जाऊन बसलेला असतो. त्याचे ऐकणे मोडले तर ते कोणी भरून देऊ शकत नाही. म्हणून मौनाचा दंडक हा कलावंताचा मान राखण्यासाठी आहे असे आम्ही मानत नाही. तो शेजाऱ्याचा हक्क आहे, आणि जेवणाचे पैसे मोजून तो विकत घेता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, की सक्तीचे लक्ष हे लक्षच नव्हे. खरे आहे, तोंड मिटल्याने मन उघडते असे नाही. शिवाय आपल्या मैफलीत समेवर दाद देणारा श्रोता ऐकत नसतो, असे कोण म्हणेल? तेथे उद्गार हाच ऐकण्याचा पुरावा असतो. परंतु दाद गाण्याकडे वळलेली असते, गप्पा गाण्याकडे पाठ करून असतात. दंडक अडवतो तो या दुसऱ्या आवाजाला. लक्ष देणे ज्याचे त्याच्यावर सोपवलेले आहे.

२०१२ साली नॅशव्हिलवरील दूरचित्रवाणी मालिकेत हे स्थळ दिसले आणि केवळ ते पाहण्यासाठी येणाऱ्यांची रीघ लागली. नावाजलेल्या गीतकारापुढे असे पाहुणेही निमूट बसतात. त्यात त्यांना फारसे काही द्यावे लागत नाही. सोमवारी मात्र तेथे नवोदितांना गाण्याची मुभा असते. कोणाचे यमक अडखळते, कोणाची तार सुरात नसते, कोणाचे गीत मुळातच सामान्य असते. त्यांच्यासाठीही दंडक तोच आहे.