बेगमीचा खरा हिशेब

होळी झाली की वाशीच्या एपीएमसी मार्केटमधल्या मसाला बाजाराचा नूर पालटतो. एरवी किराणा दुकानदार आणि हॉटेलवाल्यांची वर्दळ असलेल्या गाळ्यांपुढे घरगुती गिऱ्हाईक दिसू लागतं. पनवेल, ठाणे, घाटकोपरहून माणसं पिशव्या घेऊन येतात. हवेत ठसका भरलेला असतो. एखादी जाणती बाई गोणीत कोपरापर्यंत हात घालते आणि वरची मिरची सोडून तळातली बाहेर काढते. देठ पाहते, कानाशी नेऊन बिया वाजतात का ते ऐकते, मग मिरची मोडते. कडकन मोडली तर माल सुका, नुसती वाकली तर ओला. ओला माल वजनाला भरतो आणि घरी गेल्यावर घटतो. शिवाय त्याला बुरशी धरते. रंगासाठी ब्याडगी, तिखटासाठी लवंगी किंवा गुंटूर, काही घरांत संकेश्वरीच हवी. मग धणे, दगडफूल, नागकेशर, जायपत्री, तमालपत्र, मसाला वेलची. कोणाचं प्रमाण कोणाशी जुळत नाही. आगरी घराचं वेगळं, मालवणी घराचं वेगळं, कांदा-लसूण मसाला करणाऱ्या साताऱ्या-कोल्हापूरकडच्या घराचं वेगळं.

ही वर्षाची बेगमी. मसाला, हळद, तांदूळ, गहू, डाळी, लोणच्याचं सामान एकदाच घ्यायचं, घरी निवडायचं, वाळवायचं, कुटायचं आणि पावसाळ्याआधी डब्यांत भरून ठेवायचं. कशासाठी, असं विचारलं तर घरोघरी एकच उत्तर मिळतं. स्वस्त पडतं.

खरंच स्वस्त पडतं का? या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर शोधायला याच मार्केटइतकी चांगली जागा नाही, असं मला वाटतं. कारण इथे गोणीला लागलेल्या प्रत्येक हाताचा हिशेब ठेवण्याची रीत आहे.

मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीची स्थापना १९७७ ची. मशीद बंदर, भायखळा, क्रॉफर्ड मार्केट इथल्या दाटीतून घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने खाडीपलीकडे आले. १९८१ मध्ये कांदा-बटाटा, नंतर मसाला आणि धान्य, १९९६ मध्ये फळं-भाजीपाला. या बाजारांत माल उतरला की त्याच्यावर एकेक आकार चढत जातो. हमाली, तोलाई, वाराई, अडत, सेस. हे आकार वाढले, कमी झाले, त्यांवरून संप झाले, कायदे बदलले. पण गोणी उचलणारी पाठ आणि तराजू धरणारा हात हे कामच आहे, याबद्दल इथे वाद नाही.

हे आपोआप झालेलं नाही. मुंबईच्या गोद्यांत आणि बाजारांत डोक्या-पाठीवर ओझं वाहणारा माणूस एकेकाळी कुणाचाच नोकर नव्हता. आज या पेढीवर, उद्या त्या. दुखापत झाली तर त्याची जबाबदारी कुणाचीच नसे. म्हातारपणाची तरतूदही नसे. अण्णासाहेब पाटील यांनी या माणसांना संघटित केलं. त्या लढ्यातून १९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा आला. मंडळं स्थापन झाली. मालकांकडून मजुरीवर लेव्ही घेऊन भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधपाणी यांची सोय होऊ लागली. ओझं पूर्वीइतकंच होतं. फरक एवढाच, की ते आता मोजलं जाऊ लागलं.

आता ती गोणी घरी येते. उंबरठा ओलांडताच मोजणी थांबते. मिरची निवडायची, देठं काढायची. हातांची आग रात्रभर होते, पोराला जवळ घेता येत नाही. दोन-तीन दिवस उन्हात घालायची, संध्याकाळी उचलायची, आभाळ आलं की धावत गच्चीवर जायचं. खडा मसाला जिन्नसाप्रमाणे वेगवेगळा भाजायचा, कारण खसखशीला लागणाऱ्या आचेवर धणे कच्चे राहतात आणि धण्यांच्या आचेवर खसखस जळते. मग डंकावर जाऊन नंबर लावायचा. डंकावरचा मसाला कुटला जातो, दळला जात नाही. त्यामुळे तो कमी तापतो आणि त्याचा वास टिकतो. म्हणून जाणती माणसं रांगेत थांबतात. घरी आल्यावर चाळायचा, मुरवायचा, बरण्यांत दाबून भरायचा, वर हिंगाचे खडे ठेवायचे. या साऱ्या कामाला कोणताच आकार लागत नाही. स्वस्ताई उरते ती इथे.

साधा हिशेब करून पाहू. समजा, वर्षाच्या मसाल्यामागे बाजारच्या पाकिटाच्या तुलनेत एका कुटुंबाचे हजार रुपये वाचले. खरेदीपासून बरणीपर्यंत वीस तास गेले. म्हणजे तासाला पन्नास रुपये. त्यात टेम्पो-रिक्षाचं भाडं, भाजण्याचा गॅस, डंकाची कुटणावळ आणि वाळल्यावर आलेली घट धरली नाही, तर हा आकडाही फुगवलेला. प्रत्येक घराचे आकडे वेगळे असतील. पण हा भागाकार आपण कधी करतच नाही. हजार रुपये वाचले एवढं सगळ्यांना दिसतं. वीस तास कोणाचे गेले, हे विचारलं जात नाही.

अर्थशास्त्रात हा प्रश्न जुना आहे. मार्गारेट रीड या अमेरिकन विदुषीने १९३४ मध्ये घरातल्या उत्पादनावर ग्रंथ लिहिला आणि एक सोपी कसोटी दिली. जे काम पैसे देऊन तिसऱ्या माणसाकडून करून घेता येईल, ते उत्पादन. जेवणं हे उत्पादन नव्हे, कारण माझ्याऐवजी दुसरा जेवला तर माझं पोट भरत नाही. स्वयंपाक मात्र उत्पादन आहे. १९६५ मध्ये गॅरी बेकर यांनी घराकडे छोट्या कारखान्यासारखं पाहिलं. बाजारातून आणलेला माल आणि घरच्यांचा वेळ यांच्या मिश्रणातून वस्तू तयार होतात आणि त्यातला वेळ हा फुकट नसतो, असं त्यांनी मांडलं. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याचे संयुक्त राष्ट्रांचे नियम मात्र इथे चमत्कारिक रेघ ओढतात. घरी वाळवलेलं फळ, दळलेलं पीठ, शिवलेला कपडा हे घरच्यासाठी असलं तरी नियमाने उत्पादनात धरायचं. त्याच पिठाची भाकरी भाजली की ती हिशेबाबाहेर. म्हणजे सकाळी घातलेल्या लोणच्याला कागदावर तरी जागा आहे, आणि दुपारी त्याच हातांनी केलेल्या जेवणाला नाही.

२०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरचं बिनमोल काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, पुरुष ९७ मिनिटं. शिवाय असं काम करणाऱ्या स्त्रिया शंभरात ८१ होत्या आणि पुरुष २६. बेगमीचे वीस तास या रोजच्या पाच तासांवर चढतात. त्यांच्याऐवजी येत नाहीत.

एकाच कामाला किती वेगळी किंमत लागू शकते, हे मुंबईने पाहिलेलं आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. त्यातून लिज्जत उभं राहिलं. त्या सातजणी आधीही पापड लाटतच होत्या. तोपर्यंत ती काटकसर होती, त्या दिवसापासून तो उद्योग झाला. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी गिरणगावात गिरणी कामगारांचे डबे करणाऱ्या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभारलं. सावकाराच्या कचाट्यात असलेल्या या बायकांना बँकेची दारं उघडली, कारण पोळी-भाजी करणं हा धंदा आहे आणि त्याला भांडवल लागतं हे कुणीतरी मांडलं. दोन्ही ठिकाणी हात तेच होते आणि कसबही तेच होतं. बदलली ती नोंद.

म्हणून घरी करणं सोडून द्यावं, असं मी म्हणत नाही. उलट, मला ते फार मोलाचं वाटतं. घरी केल्याने पैशांइतकीच मोलाची दुसरी गोष्ट हाती राहते, ती म्हणजे पारख. २००३ मध्ये युरोपात भारतीय मिरची पुडीत सुदान नावाचा कपड्या-मेणाला वापरायचा रंग सापडला आणि जगभर गदारोळ झाला. हळदीच्या पुडीत लेड क्रोमेट मिसळलं जातं, हेही पुन्हा पुन्हा उघडकीला आलं आहे. अख्खी मिरची, अख्खं हळकुंड यांत भेसळ करणं अवघड असतं, अशक्य नसतं. मिऱ्यात पपईच्या बिया मिसळतातच. पण पपईची बी पाण्यावर तरंगते आणि भरीव मिरं बुडतं, हे ज्या घराला ठाऊक आहे ते घर लेबलावर विसंबून नसतं. पाकीट आणणाऱ्या पिढीकडून पैसे जास्त जातात हे खरंच. त्याहून मोठं नुकसान म्हणजे माल ओळखण्याची नजर जाते, आणि ती परत मिळवायला पिढी लागते.

घरच्या इतर वस्तूंचंही तसंच आहे. याच मसाला बाजारात नागरमोथा, वाळा, गवला कचोरा, आंबेहळद मिळते. त्यात संत्र्याची वाळवलेली साल आणि मसूरडाळीचं पीठ घातलं की दिवाळीचं उटणं होतं, आणि पुड्यात बांधलेल्या उटण्यापेक्षा ते स्वस्त आणि सुगंधी असतं. अलीकडे अनेक घरांत लिंबा-मोसंबीच्या सालींपासून फरशी पुसायचं द्रावण करतात. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी. झाकण रोज थोडं सैल करून वायू जाऊ द्यायचा आणि तीन महिने थांबायचं. फरशी आणि ओटा यासाठी ते उत्तम. आजारी माणसाच्या खोलीत मात्र जंतुनाशक म्हणून त्यावर भिस्त ठेवू नये. अंघोळीचा साबण घरी करण्याच्या फंदात लहान मुलांच्या घराने विचार करूनच पडावं, कारण त्याला लागणारा कॉस्टिक सोडा कातडी जाळतो. काय घरी करावं आणि काय बाजारातून आणावं हे ठरवणं म्हणजेच हिशेब. सगळं घरी करणं हा हट्ट झाला.

या हिशेबातली आणखी एक बाजू बोचते. बेगमी करून पैसे वाचवायला आधी पैसे लागतात. वर्षाचं सामान एकरकमी घ्यायला हजारो रुपये हाताशी हवेत, डबे ठेवायला जागा हवी, वाळवायला गच्ची हवी. ऊन फुकट असतं, गच्ची नसते. मार्केटपासून हाकेच्या अंतरावर तुर्भ्याच्या झोपडवस्तीत रोजावर जगणारं घर तिखट दहा रुपयांच्या पुडीत विकत घेतं, आणि किलोच्या हिशेबाने सगळ्यात महाग तिखट तेच खातं. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळी-पिठावर ५ टक्के जीएसटी बसला. अख्खी मोठी गोणी उचलण्याची ऐपत असणारा त्यातून सुटला, पाच किलोचं पाकीट घेणारा अडकला. काटकसर हा गरिबांचा गुण म्हणून आपण गौरवतो. प्रत्यक्षात काटकसर करता येणं ही ऐपत आहे.

यावर उपाय महाराष्ट्राने शोधून ठेवलेले आहेत. १९७२ मध्ये महागाईने घरं पिचली तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या नेत्यांसोबत बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. घरच्या खर्चाचा प्रश्न घरात सुटत नाही, हे त्या लाटण्यांनी सांगितलं. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी गट करायचा, महिन्याची मागणी एकत्र नोंदवायची, माल घाऊक भावाने आणायचा आणि वाटून घ्यायचा. अशा गटात एकट्या घराला न झेपणारी गोणी दहा घरांना झेपते. एकाची गच्ची, दुसऱ्याची गाडी, तिसऱ्याच्या सासूबाईंची पारख सगळ्यांची होते.

मला वाटतं, आजच्या बेगमीला दोन गोष्टींची गरज आहे. एक, खरेदी गटाने व्हावी. नवी मुंबईतल्या प्रत्येक सोसायटीला हे जमण्यासारखं आहे. त्यासाठी सोसायट्यांनी उन्हाळ्यात गच्चीवर वाळवण घालू देण्याचा ठराव करावा. गच्चीला कुलूप लावून पाण्याच्या टाक्यांची राखण होते, पण वर्षाच्या अन्नाची जागा बंद होते. दोन, श्रमाची वाटणी व्हावी, आणि वाटणी व्हायची तर आधी नोंद व्हावी. घराच्या जमाखर्चाच्या वहीत मिरचीच्या भावाशेजारी तासांचा रकाना असावा आणि त्यात नावं असावीत. देठं कोणी काढली, डंकावर कोण थांबलं, चाळणी कोणी धरली. एका वर्षात त्या रकान्यात एकच नाव वीस वेळा आलं, तर पुढच्या वर्षी कोणी रजा घ्यायची आणि कोणी रांगेत उभं राहायचं हे वेगळं सांगावं लागणार नाही. मुलग्यांनी मिरची मोडून पाहायला शिकावं. ज्याला माल ओळखता येत नाही त्याला काम वाटूनही घेता येत नाही, आणि ही पारख फक्त मुलींच्या हाती देत राहिलो तर ओझंही त्यांच्याच हाती राहील.

गोणी उचलणाऱ्याचं मोल ठरवायला या राज्याला संघटना करावी लागली, कायदा करावा लागला. घरच्या बेगमीला लेव्ही आणि मंडळ नको आहे. तिला हवी आहे कबुली, की वाचलेला प्रत्येक रुपया कोणाच्या तरी वेळेतून आला आहे. तो वेळ सगळ्या घराचा असेल, तर घरचा मसाला खरंच स्वस्त पडतो. तो एकटीचाच असेल, तर आपण फक्त खर्चाचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाडलं आहे.