दुपारचा पेपर



काही वर्षांपूर्वीपर्यंत आमच्याकडे रोज दोन वर्तमानपत्रे येत. सकाळी येई ते मोठे. त्यात अग्रलेख, अर्थसंकल्प, धरणाचे पाणी, शेतमालाचे भाव. दुपारी येई ते छोट्या आकाराचे. कोणत्या नटाचे घरात बिनसले, कोणत्या इमारतीत रात्री आरडाओरडा झाला, कोण कोणाबरोबर पळाले, सगळे फोटोसहित. खरे सांगायचे तर सकाळचा पेपर कित्येकदा घडी न मोडता रद्दीत जात असे. दुपारचा मात्र जेवणानंतर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून होई. कोणी भेटायला आले की तो खुर्चीच्या गादीखाली जाई आणि टेबलावर सकाळचा दिसे.

हे लपवणे कशासाठी? पुष्कळ दिवस आम्हांला वाटत होते की ही सदसद्विवेकबुद्धीची टोचणी आहे. पण नीट पाहिले तर ती टोचणी नव्हतीच. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेला माणूस असले वाचतो, हे लोकांना कळू नये, एवढेच होते. म्हणजे लाज होती ती स्वतःच्या आवडीची. ज्यांच्याविषयी वाचत होतो त्यांचा विचार त्या लाजेत कुठेच नव्हता. आपल्यापैकी पुष्कळांचे असेच होत असावे. ‘काय करणार फादर, वाईट सवय आहे,’ असे हसत म्हटले की मन मोकळे होते आणि पान उलटता येते.

असले वाचावेसे वाटते यात नवल नाही. संत ऑगस्टीन यांनी ‘कन्फेशन्स’च्या दहाव्या भागात डोळ्यांच्या हव्यासाविषयी लिहिले आहे. छिन्नविच्छिन्न प्रेत पाहून अंगावर काटा येतो, सुख तर काहीच मिळत नाही, तरी कुठे पडले आहे म्हटले की माणसे धावतात. हे सोळाशे वर्षांपूर्वीचे निरीक्षण आहे. त्या काळी पेपर नव्हते, हाच काय तो फरक.

पण पाहणे वेगळे आणि विकत घेणे वेगळे. आपल्या मुंबईचेच उदाहरण घेऊ. 27 एप्रिल 1959 रोजी नौदलातील कमांडर नानावटी यांनी आपल्या पत्नीच्या प्रियकराला, प्रेम आहुजा यांना, त्यांच्या घरी जाऊन गोळ्या घातल्या. ‘ब्लिट्झ’ या साप्ताहिकाने नानावटींची बाजू घेतली आणि आठवड्यामागून आठवडा ते प्रकरण रंगवले. एकीकडे देशसेवा करणारा फसवला गेलेला पती, दुसरीकडे श्रीमंत, रंगेल माणूस. पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांना विकला जाऊ लागला. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने नानावटींना निर्दोष ठरवले. पुढे उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवून जन्मठेप दिली आणि 1961 साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. हे सर्वांना ठाऊक आहे. त्यावर सिनेमेही निघाले. आमच्या मनात राहिली ती वेगळीच गोष्ट. आहुजा मेले तेव्हा नुकतेच आंघोळ करून आले होते, अंगावर टॉवेल होता. म्हणून रस्त्यावर ‘आहुजा टॉवेल’ विकायला आले, सोबत खेळण्यातले ‘नानावटी रिव्हॉल्व्हर’. मृताची बहीण होती. तिने घराबाहेर पडून रस्त्याने चालायचे कसे? दोन रुपये देणारे लोक काही दुष्ट नव्हते. ते तुमच्या-आमच्यासारखेच, लोकलमधून घरी जाणारे.

कोणी म्हणेल, अहो, पण हे पेपर पापे उघडीही पाडतात. खरे आहे. 2010 साली लॉर्ड्सवर पाकिस्तानी खेळाडूंनी पैसे घेऊन नो-बॉल टाकले, ते बाहेर काढले लंडनच्या ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ने. खेळाडू तुरुंगात गेले. हा पेपर 1843 पासून दर रविवारी निघत असे आणि तिकडची लाखो माणसे रविवारी दुपारी तो चवीने वाचत. त्याच्यासाठी लोकांच्या मोबाईलवरचे निरोप चोरून ऐकले जातात आणि हे एकदोघांपुरते नाही, असे ‘द गार्डियन’ने 2009 साली छापले होते. फारसे कोणी हलले नाही. नटनट्या, खेळाडू, राजघराणे, त्यांचे काय एवढे! जुलै 2011 मध्ये कळले की 2002 साली बेपत्ता झालेल्या, नंतर खून झाल्याचे उघड झालेल्या तेरा वर्षांच्या मुलीचेही निरोप असेच ऐकले होते. तेव्हा देश संतापला आणि त्याच महिन्यात पेपर बंद झाला. संताप योग्यच होता. पण आदल्या रविवारपर्यंत तो विकत कोण घेत होते?

संत थॉमस अक्वायनस यांनी चहाडीचा विचार करताना एक प्रश्न मुद्दाम घेतला आहे: ऐकणाऱ्याचा दोष किती? त्यांचे म्हणणे असे की भीड पडली म्हणून जो गप्प बसतो त्याचा दोष कमी. पण जो सांगायला लावतो, किंवा ज्याला ऐकताना गोड लागते, तो सांगणाऱ्याच्या पंक्तीला बसतो. आणि गोष्ट खरी असली म्हणून सुटका नाही. खोटा आळ घेणे हे एक पाप, दुसऱ्याचा खरा दोष कारण नसताना चार लोकांत नेणे हे दुसरे. ‘छापून आलंय म्हणजे खोटं कसं असेल’ हा आपला नेहमीचा बचाव इथे उपयोगी पडत नाही.

आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू होतो तेव्हाची गोष्ट. तिथल्या एका कुटुंबाची बातमी दुपारच्या पेपरात आली, मुलीच्या फोटोसकट. निम्मे खरे, निम्मे रचलेले. स्टेशनवरच्या स्टॉलवरचे अंक तासाभरात संपले. एरवी पेपर न घेणाऱ्यांनीही त्या दिवशी घेतला. आम्हीही वाचला. दोनदा वाचला. संध्याकाळी त्या घरी गेलो. दारे-खिडक्या बंद, आत फक्त आई. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग तिने विचारले, ‘फादर, तुम्ही पण वाचलंत?’

आम्ही हो म्हणालो. ती उठली आणि चहा ठेवायला आत गेली.

दुपारचा पेपर आम्ही त्या महिन्यात बंद केला. मोबाईल मात्र खिशात आहे, आणि त्यावर बातम्या येतात त्या काही अर्थसंकल्पाच्या नाहीत. परवाच एका फोटोवर बोट ठेवले होते. कोणाची तरी मुलगी होती.