हाकेला ओ

‘हाकेच्या अंतरावर’ या आपल्या शब्दप्रयोगात अंतरापेक्षा भरवसा जास्त आहे. हाक मारली तर ओ येईल, हे त्यात गृहीत असते. संगणकाच्या पोटात एका थ्रेडने दुसऱ्याला सिग्नल दिला तर ओ यायला किती वेळ लागतो, हे मोजणारी ‘सिग्नलटेस्ट’ नावाची छोटीशी आज्ञावली लिनक्सवर आहे. टर्मिनलवर तिचे नाव लिहायचे, थ्रेड किती, फेऱ्या किती आणि अग्रक्रम कोणता ते सांगायचे. मग कानगोष्टींच्या खेळासारखे थ्रेड गोल करून बसतात, प्रत्येक जण पुढच्याला हाक देतो आणि हाक फिरून पहिल्याकडे येते. पडद्यावर चार आकडे हलत राहतात: किमान, आत्ताचा, सरासरी आणि कमाल. सगळे मायक्रोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात.

नवशिक्याची नजर सरासरीवर जाते. माझीही बरीच वर्षे तिथेच जात असे. पण समजा, दहा लाख हाकांपैकी एक सोडून सगळ्यांना १० मायक्रोसेकंदांत ओ मिळाली आणि त्या एकीला ५,००० लागले. सरासरी होते जेमतेम १०.००५. ती एक हाक सरासरीत कुठेच दिसत नाही. मात्र सेकंदाला ४८,००० नमुने घेणाऱ्या ध्वनियंत्रणेत ६४ नमुन्यांचा एक घास साधारण १,३३३ मायक्रोसेकंद पुरतो. पाच हजार थांबावे लागले, तर चालू तानेत खर्रकन खंड पडतो. ऐकणाऱ्याला उरलेल्या नऊ लाख नव्याण्णव हजारांचे काय?

हा उशीर येतो कुठून? कधी वीज वाचवायला डुलकी घेतलेल्या प्रोसेसरच्या गाभ्याला जागे व्हायला वेळ लागतो. कधी स्मृतीचे हवे ते पान जागेवर नसते; म्हणून सिग्नलटेस्टला स्मृती जखडून ठेवायचा पर्याय दिलेला आहे. कधी मदरबोर्डचे फर्मवेअर ऑपरेटिंग सिस्टिमला न विचारता प्रोसेसर ताब्यात घेते. आणि सर्वांत फसवा प्रकार म्हणजे अग्रक्रमाची उलथापालथ. १९९७ साली मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानात तेच झाले. हवामानाची नोंद घेणाऱ्या कनिष्ठ कामाने एक कुलूप धरून ठेवले होते. मधल्या अग्रक्रमाच्या कामांनी त्याला बाजूला सारले आणि त्याच कुलपाची वाट पाहणारे वरिष्ठ काम ताटकळले. पहारा देणाऱ्या यंत्रणेने ते हेरले आणि संगणक पुन्हापुन्हा नव्याने सुरू होऊ लागला. कुलूप धरणाऱ्याला वाट पाहणाऱ्याचा अग्रक्रम तात्पुरता बहाल करण्याची सोय पृथ्वीवरून चालू केल्यावर ते थांबले. हा दोष उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांत दिसला होता, पण पुन्हा घडवून आणता आला नव्हता, हे मला सर्वांत अस्वस्थ करते. कमाल आकडा एकदाच वर जातो आणि आपण त्याला अपवाद म्हणतो.

लिनक्स कर्नलमध्ये हे उशीर बांधून घालण्याचे काम सुमारे वीस वर्षे मूळ प्रवाहाबाहेर राहून चालले आणि अखेर २०२४ मध्ये ६.१२ या आवृत्तीत सामावले गेले. एवढी वर्षे माणसे वेगासाठी नव्हे, तर वेळेवर ओ देण्यासाठी खपली, याचे मला मोल वाटते. वेग आणि वेळेवर येणे या दोन गोष्टी आहेत. वक्तशीरपणासाठी कधीकधी थोडा वेग सोडावाही लागतो.

सिग्नलटेस्ट मात्र जे घडले तेवढेच सांगते. तिच्या कमाल रकान्यातला आकडा म्हणजे आतापर्यंत पाहिलेला सर्वांत मोठा उशीर; याहून मोठा संभवतच नाही, असे ती म्हणत नाही. म्हणून रिकाम्या यंत्रावर पाच मिनिटे चालवून समाधान मानणे मला पटत नाही. डिस्क, नेटवर्क आणि प्रोसेसर तिन्हींवर भार टाकून मी ती रात्रभर चालू ठेवतो. सकाळी चहाच्या आधी शेवटचा रकाना पाहतो, आणि तो वाढला असेल तर त्या दिवशी दुसरे काम हाती घेत नाही.