डोळ्यांआडचे काम
पलिष्ट्यांनी मातीने बुजविलेल्या अब्राहामाच्या विहिरी इसहाकाने पुन्हा खणिल्या. आपली कूपनलिका बुजविण्यास मात्र पलिष्टी लागत नाहीत. ‘जमिनीखाली कोण पाहतो?’ असे म्हणून केलेली काटकसर पुरते. आपल्या दख्खनात केसिंगची नळी मुरुमातून कठीण पाषाणात घट्ट बसविली नाही, भोवती सिमेंट भरले नाही, तर गोठ्याचे घाण पाणी आत झिरपते व लेकरांस हगवण लागते. तापीकाठच्या गाळाच्या भूमीत जाळीची नळी लागते. तिची छिद्रे मोठी असली तर वाळू आत शिरते, गंजाने बुजली तर पाणी असूनही गाव तहानेले राहते. म्हणून नळीचे तोंड हातभर उंच ठेवून झाका. पाणी मंदावताच जाळी दाबाच्या हवेने धुऊन घ्या. डोळ्यांआडच्या कामातील प्रामाणिकपणा देव पाहतो, आणि त्यावरच शेजाऱ्याचे लेकरू जगते.