रस्त्याला षड्ज द्या

भोवतालच्या आवाजांतून चाल शोधायची असेल, तर सकाळी सहा-साडेसहाची वेळ धरा. गच्ची, गॅलरी, अंगण, सोसायटीतला बाक, जिथे अर्धा-पाऊण तास कोणी हटकणार नाही अशी कुठलीही उघड्यावरची जागा चालेल. रस्त्याने चालताना मात्र हे करू नका. कानात काही घालून वाहनांमधून फिरणं धोक्याचं असतं, आणि तसंही या ऐकण्याला बैठक लागते.

आधी कान मोकळेच ठेवा. जे येईल ते येऊ द्या.

थोड्या वेळाने जाणवेल की आपण आवाज ऐकतच नाही, निरोप ऐकतो. खराटा वाजला, म्हणजे झाडलोट सुरू झाली. हॉर्न वाजला, म्हणजे कोणाची तरी स्कूलबस आली. निरोप पोहोचला की कान आवाज सोडून देतो. त्याचं ते कामच आहे, त्याच्याच जोरावर आपण रस्ते ओलांडतो. पण गाण्याचं बीज हवं असेल, तर निरोप कळल्यानंतरही आवाजापाशी थांबावं लागतं. हे थांबणं अवघड असतं.

त्यासाठी माणसांनी यंत्रांची मदत घेतली ती उगाच नाही. पॅरिसमध्ये १९४८ साली पिएर शेफर यांनी आगगाड्यांचे आवाज तबकडीवर घेऊन एक रचना केली. तबकडीवरची खाच जिथल्या तिथे बंद केली की तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राही, आणि काही फेऱ्यांनंतर गाडी विसरली जाऊन निव्वळ नाद उरे. साठ वर्षांनी, २००८ मध्ये, लंडनच्या ‘आरजेडीजे’ या ॲपने असलं काम फोनच्या माइकवर आणलं. भोवतालचा आवाज आत घ्यायचा, त्यावर प्रतिध्वनी आणि सूर चढवायचे आणि लगेच हेडफोनमध्ये परत द्यायचा. पुढे २०१० मध्ये हान्स झिमर यांच्यासोबत या ॲपच्या निर्मात्यांनी ‘इन्सेप्शन’ चित्रपटाचं ॲपही काढलं. असा खऱ्या जगावर यंत्राचा थर चढवणं म्हणजे ऑगमेंटेड रिॲलिटी. ती म्हटली की आपल्यापुढे चष्मे येतात, पण तिची कानांची शाखाही आहे आणि तिला खिशातला फोन पुरतो.

आपल्यासाठी मला मात्र याहून साधी वाट योग्य वाटते. मूळ आवाजाला हात लावायचा नाही, त्याला फक्त एक षड्ज द्यायचा.

आता हेडफोन घाला. बाहेरचे आवाज आत येऊ देण्याची सोय असेल तर ती सुरू करा, नसेल तर एकच कान झाका. तानपुऱ्याचं ॲप लावा, तुमच्या पट्टीत, आणि आवाज इतका कमी ठेवा की रस्ता त्याच्या वर राहील. काही हेडफोन मानेची हालचाल ओळखतात. मान वळवली तरी तानपुरा समोर जिथे होता तिथेच राहतो, जणू समोरच्या झाडाखाली कोणी तो घेऊन बसलं आहे. अशी सोय असेल तर ती जरूर वापरा.

पहिली काही मिनिटं रस्ता विसरा. तानपुऱ्याच्या तारा ऐका: पंचम, षड्ज, षड्ज, खर्ज. गंधाराची तार तिथे नाही. तरी तानपुरा जुळलेला असेल, जवारी खुललेली असेल, तर खर्जाच्या तारेतून गंधार वर येतो. आपले गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो ऐकू येईपर्यंत घाई करू नका. कोणीही न छेडलेला स्वर ऐकण्याची ही तयारीच पुढे कामाला येणार आहे.

आता लक्ष हळूहळू बाहेर न्या. आसपास झाडं असतील तर तांबट ओरडत असेल. एकच स्वर, टुक टुक टुक, मिनिटाला शंभराहून अधिक वेळा. त्याचा स्वर तुमच्या षड्जापासून कुठे बसतो? नाव घेता आलं नाही तरी चालेल, जवळ आहे की ताणलेला एवढंच पाहा. मग त्याच्या लयीत मनातल्या मनात सोळा मोजा. सम कुठे पडावीशी वाटते, ते तुमचं तुम्हालाच कळेल.

कोकीळ आला तर त्याच्यापाशी जास्त रेंगाळा. जुन्या संगीतग्रंथांनी त्याला पंचम दिला आहे. तानपुरा चालू ठेवून ऐकलंत तर तो एका जागी राहत नाही, दर हाकेला थोडा वर सरकतो आणि टोकाला जाऊन एकदम थांबतो. ग्रंथांचा पंचम मला परंपरेचा मान म्हणून मोलाचा वाटतो. पण गाणाऱ्याच्या हाती लागतं ते हे सरकणं. आलापात बढत करताना हेच तर करायचं असतं.

भाजीवाल्याची आरोळी आली की शब्द सोडा, ‘भाजीऽऽ’मधला शेवटचा ‘ई’ कुठे टेकतो ते बघा.

आणि रेल्वेजवळ राहत असाल तर भाग्यवान आहात. ताशी शंभर किलोमीटरने शिट्टी वाजवत गाडी समोरून गेली, की येतानाच्या आणि जातानाच्या स्वरात जवळजवळ कोमल गंधार ते षड्ज एवढं अंतर पडतं. ताशी साठच्या मोटारीचा हॉर्न त्याहून कमी उतरतो, शुद्ध रिषभ ते षड्ज यापेक्षा जरा कमीच. रुळांच्या अगदी जवळ ही उतरण झटक्यात होते. शेतापलीकडच्या घराच्या ओट्यावर तीच सावकाश, लांब मींड होऊन पोहोचते. म्हणजे मींड किती लांबेल हे तुम्ही कुठे बसलात त्यावर ठरतं. कोकणात रेल्वेच्या वाटेवर ज्यांचं घर आहे त्यांना ही मींड रोज फुकट मिळते.

यांतलं एखादं तुमच्यात अडकेल. सगळं अडकायला नको, एक पुरे. ती उतरण, ते सरकणं, तो शेवटचा ‘ई’.

मग तानपुरा चालू असतानाच तेवढा तुकडा गुणगुणा. आधी रेकॉर्ड करू नका. रेकॉर्डिंगमध्ये रस्ता जसाच्या तसा राहील, पण त्यातलं तुमच्या कानाने काय उचललं ते तुमच्या गळ्यातूनच कळेल. गळा चुकीचा स्वर लावेल. लावू द्या, तो चुकीचा स्वरच बहुधा तुमची चाल असते. दोन-चार वेळा म्हणून तो पक्का झाला की मग फोनचं रेकॉर्डिंग सुरू करा, आणि त्यात आधी तुमचा आवाज येऊ द्या, रस्ता मागे.