पाहुण्यानें बाजार कोठें करावा?

वसई-विरारकडे आमच्या घरीं येणारे पाहुणे दोन प्रश्न हटकून विचारतात. किल्ला पाहावयास किती वेळ लागेल, हा एक; आणि येथें कांहीं खरेदी करावयाची तर ती कोठें करावी, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर देतांना आम्ही कधीं अडखळलों नाहीं. दुसऱ्याचें उत्तर मात्र वर्षागणिक कठीण होत चाललें आहे.

प्रश्न वरकरणी क्षुल्लक दिसतो. पण त्यांत नीतिशास्त्राचा एक जुना पेंच दडलेला आहे. नेहमींच्या वाण्याशीं आपण सरळ वागतों त्यांत स्वार्थाचा अंश असतोच. उद्यां पुन्हा त्याच्याच पायरीवर उभें राहावयाचें असतें. पाहुण्यास असा उद्यां नसतो. ज्याचें तोंड पुन्हा दिसावयाचें नाहीं अशा विक्रेत्याशीं मनुष्य कसा वागतो, यावरून त्याच्या सचोटीची परीक्षा अधिक खरी होते, असें आम्हांस वाटतें. आमची स्वतःची परीक्षा मागील हिवाळ्यांत झाली, व तींत आम्ही उत्तीर्ण झालों नाहीं.

आमचे एक जुने विद्यार्थी पुण्याहून सहकुटुंब आले होते. अर्नाळ्याचा समुद्र पाहून परततांना आगाशीच्या रस्त्याकडेला एक वृद्ध बाई सुकेळीं घेऊन बसलेली दिसली. ज्या वाचकांस सुकेळें ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं सांगतों : राजेळी जातीचें पिकलें केळें सोलून बरेच दिवस उन्हांत वाळवावयाचें, रात्रीं दंव लागूं नये म्हणून आंत घ्यावयाचें, सकाळीं पुन्हा बाहेर मांडावयाचें, आणि पांखरांपासून व अवेळीं येणाऱ्या ढगांपासून राखावयाचें. साखर घालावी लागत नाहीं. केळ्याचीच गोडी आटून मधासारखी होते. बाईनें भाव सांगितला. पाहुण्यांपुढें आपण येथले जाणते आहोंत हें दाखविण्याच्या हौसेनें आम्हीं तिला वीस रुपये कमी करावयास लावले. “दादा, ऊन फुकट मिळतं, पण त्याच्याजवळ बसावं लागतं,” एवढेंच ती म्हणाली.

त्याच सायंकाळीं स्टेशनाजवळच्या एका थंडगार मोठ्या दुकानांत पाहुण्यांच्या मुलांनीं अमेरिकेहून आलेल्या सुक्या फळांचीं पाकिटें उचललीं. किंमत सुकेळ्यांच्या कितीतरी पट. परंतु पाकिटावर आंकडा छापलेला होता, म्हणून कोणीं चकार शब्द काढला नाहीं. उलट पैसे देण्यासाठीं आम्हींच लगबगीनें खिशांत हात घातला.

छापील भावाला आमचा विरोध नाहीं. १७ व्या शतकांत इंग्लंडांतील क्वेकर पंथाच्या दुकानदारांनीं एकच भाव सांगण्याची रीत धरली, ती, एक किंमत सांगून दुसरी घेणें हें असत्य भाषण होय, अशा श्रद्धेनें. एकच भाव असला कीं चतुर गिऱ्हाईक आणि अजाण पोर यांस सारखाच न्याय मिळतो. हा लाभ थोडा नव्हे. शिवाय त्या दुकानांत तासन् तास उभी राहून हिशेब करणारी मुलगीही कदाचित् ह्याच तालुक्यांतली असेल, आणि तिच्या पगारावरही एखादें घर चालत असेल. तेव्हां मोठें दुकान म्हणजे पाप आणि टोपली म्हणजे पुण्य, अशी सोपी वांटणी करून चालणार नाहीं. आमचा आक्षेप आमच्याच मनावर आहे. जेथें समोर माणूस होतें तेथें त्याच्या श्रमाचें मोल आम्हांस शंकास्पद वाटलें. जेथें समोर केवळ आंकडा होता तेथें तें निर्विवाद वाटलें. असें कां व्हावें? कारण एकच दिसतें : बाई ‘नाहीं’ म्हणण्याच्या स्थितींत नव्हती, हें आम्हीं मनोमन ओळखलें होतें. घासाघीस तुल्यबळांत शोभते. दिवस मावळतांना जिला उरलेला माल डोक्यावर घेऊन परत चालत जावयाचें आहे, तिच्याशीं ती केली म्हणजे तीस व्यवहारचातुर्य हें नांव देतां येत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं जाऊन बाईच्या हातावर कांहीं जास्त पैसे ठेवून यावे, असें आमच्या मनांत आलें. आमच्या पत्नीनें तें खोडून काढलें. “ती माल घेऊन बसली होती, वाडगा घेऊन नव्हे,” ती म्हणाली. दया करावयास जाऊन आपण तिच्या मालाचा भाव पुन्हा एकदां नाकारीतच असतों, हें आम्हांस मान्य करावें लागलें.

जवळच्या सोपाऱ्यास १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांस अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सांपडला. त्या लेखाचा विषय प्रवास हाच आहे. पूर्वींचे राजे मृगयेसाठीं व करमणुकीसाठीं विहारयात्रा करीत. अशोकानें त्यांच्या जागीं धर्मयात्रा सुरू केल्या, आणि त्यांत वृद्धांची भेट, त्यांस द्रव्यसाहाय्य, खेड्यापाड्यांतील लोकांचें दर्शन व त्यांची विचारपूस हीं मुख्य मानलीं. दूरदूरचीं गलबतें जेथें लागत त्या बंदराच्या गांवीं नेमका हाच लेख मिळावा, हें आम्हांस फार उचित वाटतें. माल पाहावयास सगळेच येतात. तो कोणीं केला हें पाहावयास सवड काढणारा प्रवासी विरळा. अर्नाळ्याचे सुके बोंबील, आगाशीचीं सुकेळीं, वाडीवाल्या बायकांची ताजी भाजी, हीं ज्यांनीं केलीं वा पिकविलीं त्यांच्याच हातून, त्यांनीं सांगितलेल्या भावानें घ्यावीं, असें सांगून आम्हांस मोकळें होतां आलें असतें.

परंतु जीभ अडखळते ती येथेंच. बाहेरून येणाऱ्यांनीं या भागांत सर्वांत मोठी खरेदी केली ती केळ्यांची नव्हे, जमिनीची. १८६७ सालीं विरार व मुंबई यांच्यामध्यें रोजची गाडी सुरू झाली. इकडची भाजी, फुलें, विड्याचीं पानें त्या वाटेनें शहराकडे जात राहिलीं, आणि मग त्याच वाटेनें शहर इकडे आलें. १९९० सालीं या टापूचें नियोजन सिडकोकडे गेलें. बागायत राखण्यासाठीं फादर फ्रान्सिस दिब्रिटो प्रभृतींनीं हरित वसईचें आंदोलन चालविलें. २००९ सालीं महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेंत तिची वस्ती १२ लाखांवर भरली. आम्हीही त्या गर्दींतलेच. घर घेतांना स्टेशन किती मिनिटांवर आहे आणि पाणी किती वेळ येतें, एवढेंच आम्हीं विचारलें. त्या जागीं आधीं काय होतें, हें विचारावयाचें सुचलें नाहीं. भाव मात्र सांगितला तोच दिला.

पुढच्या महिन्यांत आम्ही एकटेच आगाशीस गेलों. बाई त्याच जागीं होती. तिनें सांगितलेला भाव आम्हीं मुकाट्यानें दिला, त्यामुळें ती जराशी साशंक झाली. “कुठून आलात, दादा?” “इथलेच,” असें म्हणून आम्हीं आमच्या इमारतीचें नांव सांगितलें.

“तिकडं पूर्वी पानवेली होत्या,” ती म्हणाली, आणि दोन सुकेळीं वर टाकून पुडा बांधूं लागली.